उंबऱ्याबाहेरची हातभर जागा

लातूरच्या गंज-बाजाराजवळच्या बोळात गुंडप्पांचं भुसार दुकान आणि दुकानामागंच घर. त्या घरातली सून महानंदा, माहेर नायगावचं. नांदेडला राहून मास्तरकीची परीक्षा पास झालेली पोरगी. लग्न ठरवताना गुंडप्पांनी भर बैठकीत कबूल केलं होतं, नोकरी करू देऊ म्हणून. कबूल करायला काय जातं हो! पुढं तिनं विषय काढला की सासू दानम्मा म्हणायच्या, आमच्या बाया उंबरा ओलांडत न्हाईत. नवरा सिद्धलिंग म्हणायचा, अप्पांना विचार. आणि अप्पा म्हणायचे, बघू. बघू-बघूत लातूरचा जिल्हा झाला, साहेबांच्या जीपा धुरळा उडवत आल्या, कचेऱ्यांना नव्या पाट्या लागल्या. महानंदाचा उंबरा तेवढा जागचा हलला नाही.

एक जागा मात्र तिला मोकळी होती, दारापुढची. रांगोळी सुनेनंच काढायची आणि ती काही घरात बसून निघत नाही. तिथंच तिनं आपली शाळा मांडली. सण आला की रांगोळीनं चौकटी आखायची, त्यांत अक्षरं भरायची, मधली काही घरं रिकामी सोडायची. नागपंचमीला वारूळ, लाह्या, झोका. पोळ्याला झूल, बेगड, घुंगरू. बोळातली पोरं उकिडवी बसून आडवे-उभे शब्द हुडकायची आणि चिमटीत रांगोळी धरून रिकामी घरं भरायची. वारुळाच्या 'रू'वरून अशी भांडणं जुंपायची की दानम्माही दारात येऊन हसून जायच्या. जगदेवी नावाची एक पोर दुसरीत असून आपलं नाव लिहिताना अडायची, ती दिवाळीला 'उटणं' आणि 'आकाशदिवा' न चुकता लिहू लागली. पोरं महानंदाला 'बाई' म्हणायची. तेवढं ऐकलं की तिचा दिवस निघायचा.

मग पाऊसच फिरकला नाही. नळ कोरडे, टँकरपुढं घागरींची रांग. दानम्मांनी सडा बंद केला आणि त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? पण कोरड्या फुफाट्यावर रांगोळी ठरत नाही, वारा आला की अक्षरं उडून जातात. महानंदानं मग आपल्या वाट्याचा प्यायचा तांब्या अर्धाच प्यायला सुरुवात केली. उरलेलं पाणी झाकून ठेवायचं आणि पहाटे दारापुढं हातभर जागा भिजवायची. घशाला कोरड पडायची, ओठ फुटायचे. कळलं असतं तर लोकांनी तिला वेड्यात काढलं असतं. काढू द्या.

नगरपालिकेच्या शाळेतल्या मोठ्या बाई, पार्वतीबाई, पोरांच्या पाट्यांवरचे बिनचूक शब्द बघून चक्रावल्या. पोरांनी त्यांना हाताला धरून त्या रांगोळीपुढं आणून उभं केलं. बाई तडक दुकानात गेल्या. लहान वर्गाला शिकवणारं कुणी नाही, तुमच्या सुनेला पाठवा, म्हणाल्या. गुंडप्पांनी मिशीवरून हात फिरवला आणि येळवशीला शेतावर जेवायला यायचं आवतण दिलं. तिथंच सांगतो म्हणाले.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी सारं लातूर शेतात असतं, ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसाला हाताला धरून जेवायला नेतात. महानंदानं पहाटे सगळ्यांत मोठं कोडं काढलं. येळवशीच्या जेवणातले आंबील, भज्जी, उंडे आणि शेतात पूजेला कडब्याची खोपी उभारतात ती कोप. आज होकार आला तर उद्यापासून रोज सकाळी त्या बोळातून चालत शाळेत जायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

शेतात जोंधळा गुडघ्याएवढा होऊन करपला होता. गेल्या सालच्या कडब्याची कोप, आंबील पाण्यासारखी पातळ. तरी पंगत बसली. जगदेवीचं घरही आलं होतं. सगळ्यांचं जेवण झाल्यावर गुंडप्पा पार्वतीबाईंकडं वळले.

"बाई, तुमचा शब्द मोडत न्हाई. सून शिकवंल."

महानंदाच्या हातातला आंबिलीचा गडवा हिंदकळला.

"पर तिनं उन्हातानात कशाला वणवण करायची? माझी मागची कोठी रिकामी हाय, यंदा पोतीच न्हाईत. पोरं तिकडंच पाठवा. शाळेला बाई मिळाली, घरची रीतबी ऱ्हायली."

पार्वतीबाईंनी हात जोडले. त्यांच्या शाळेला खोलीचीही अडचण होती, ती आपसूक सुटली. असा सासरा शोधून सापडायचा न्हाई, असं सगळी पंगत म्हणू लागली. सिद्धलिंगची मान ताठ झाली. जगदेवी तर टाळ्या पिटत नाचायला लागली. महानंदानं वर पाहिलं. चहूकडं नजर पुरत नाही एवढं रान, आडवी भिंत कुठं नाही, आणि तिथंच बसल्या जागी तिचं दार बंद झालं होतं.

"अप्पा, मी शाळेत गेले असते," ती कशीबशी म्हणाली.

"पोरी, शाळाच आणली की तुझ्यासाठी घरात," गुंडप्पा म्हणाले, आणि ते अगदी मायेनं म्हणाले.

आता भांडायचं कुणाशी? माणूस दुष्ट असता तर चार शब्द तरी सुनावता आले असते. परतीच्या गाडीत दानम्मांनी उरलंसुरलं निकालात काढलं. आता दारात बसायचं कारण न्हाई, कोडी कोठीतल्या फरशीवर काढ, दारापुढचं मी बघते म्हणाल्या. सुनेचा भार हलका केला, असंच त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी महानंदा सवयीनं पहाटेच उठली. अर्धा तांब्या झाकून ठेवलेला होता. तो घेऊन ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. दाराच्या फटीतून दिसलं, बाहेर वाऱ्यानं येळवशीचं कोडं कधीच पुसून नेलं होतं. दानम्मांनी तिच्याआधीच उठून उंबऱ्यावर दोन बोटं रांगोळी ओढून दार आतून लावून घेतलं होतं.

ती कोठीत जाऊन बसली. फरशी कोरडीच, तिथं पाणी शिंपडायची गरजच नव्हती. थोड्या वेळानं बाहेर पाट्या वाजल्या आणि जगदेवीनं हाक मारली, "बाई, आलो आम्ही."

महानंदानं ते उरलेलं पाणी पिऊन टाकलं, तांब्या पालथा ठेवला आणि पोरांसाठी कोठीच्या दाराची कडी काढली.