दाराची टेस्ट

त्या दुपारी बाबांनी डबा अर्धाच खाल्ला, झाकण लावलं आणि कीबोर्ड पुन्हा पुढे ओढला. आम्ही एकाच ऑफिसात, समोरासमोरच्या टेबलांवर बसायचो. तिथे मीही त्यांना सगळ्यांसारखं सरच म्हणायचे. हॉस्पिटलच्या लिफ्ट चालवणारा प्रोग्रॅम आम्ही लिहीत होतो.

प्रोग्रॅम तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट एकत्र चालवल्या की स्क्रीनवर एकच हिरवी ओळ उमटते: सर्व पास. बाकीच्यांचं काम तिथे संपायचं. बाबा मात्र एकेक टेस्ट वेगळी चालवायचे, तीही तपशीलवार लॉग चालू करून. प्रोग्रॅम आत काय करतोय ते पावलागणिक स्क्रीनवर छापलं जायचं. मी म्हटलं, सर, यात जन्म जाईल.

"जाऊ दे की," ते म्हणाले. "एकेकीला बाजूला घेऊन बोलतं केल्याशिवाय काही कळत नाही."

दाराच्या टेस्ट उद्या बघू म्हणून ते उठले. घरी जाताना गाडी त्यांनीच चालवली. माझ्या शेजारी बसलं की आपलं ब्लडप्रेशर वाढतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

सकाळी बूट घालता घालता ते भिंतीला टेकले आणि तसेच राहिले.

नातेवाइकांना फोन काकांनी केले. मला कुणाला काही सांगावंच लागलं नाही. मी कामावर परतले तेव्हा त्यांचं टेबल आवरलेलं होतं. मॅनेजरने केबिनमध्ये बसवून पाणी दिलं, आईची चौकशी केली, मग घसा खाकरला. हॉस्पिटलच्या इंजिनिअरला अजून कळवलेलं नाही, म्हणाला. तो माणूस फक्त सरांच्या शब्दावर सही करतो. लिफ्ट ताब्यात देईपर्यंत सर रजेवर आहेत असंच सांगायचं. "तशी रजाच ना ती," असंही तो बोलून गेला आणि स्वतःच ओशाळला.

इंजिनिअरचा फोन आला की मी तसं सांगायचे. तो हसायचा. म्हाताऱ्याला म्हणावं आराम पुरे, आता येऊन माझ्याशी भांड.

दाराच्या टेस्ट राहिल्या होत्या, म्हणून मी त्या घेतल्या. एकत्र चालवल्या, सगळ्या पास. मग अडथळ्याची टेस्ट, म्हणजे मध्ये कुणी आलं तर दार थांबतं का ते बघणारी, एकटी चालवली, तर लाल. लॉग चालू करून पुन्हा चालवली आणि ओळी वाचत गेले. दार बंद करण्याचा आदेश. अडथळा तपासा. सेन्सर बंद आहे. दार बंद. सेन्सर सुरू करायचं आमच्या प्रोग्रॅममध्ये राहूनच गेलं होतं. आधीची एक टेस्ट तो सुरू करून तसाच सोडत होती आणि तिच्या जिवावर ही पास होत होती. खऱ्या लिफ्टमध्ये ती आधीची टेस्ट नसणार. स्ट्रेचर अर्धं आत, अर्धं बाहेर असताना दार मिटलं असतं.

मी मॅनेजरला दाखवलं. त्याने नीट वाचलं, कळलंही त्याला. रिपोर्ट तर हिरवा आहे, म्हणाला, दुरुस्ती पुढच्या व्हर्जनला करू, आज ताबा द्यायचाच आहे. आणि माझ्यासमोरच त्याने इंजिनिअरला स्पीकरवर फोन लावला.

इंजिनिअरने एवढंच विचारलं, दाराच्या टेस्ट सरांनी एकेक करून बघितल्या ना.

"सरांनीच पास केल्यात," मॅनेजर म्हणाला. तो खिडकीकडे बघत होता.

"नाही," मी म्हटलं. "सरांनी त्या बघितलेल्या नाहीत. अडथळ्याची टेस्ट एकटी चालवली की नापास होते. तुम्ही सही करू नका."

मॅनेजरचा हात फोनपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"असं कसं?" इंजिनिअर म्हणाला. "सरांना जोडून द्या बघू जरा. रजेवर असले तरी माझा फोन घेतील ते."

"नाही घेणार. ते गेले."

त्याला ऐकू गेलं नसावं, असं वाटून मी फोनजवळ वाकले.

"माझे बाबा गेले," मी म्हटलं.