नान्ना लेरु

मुलांनो, मनात एक वर्ग आणा. मावला गावातल्या एका शाळेचा, सहावीचा. मावला तेलुगू मुलखाच्या सीमेवर आहे, तिथे घरोघरी मराठी बोलतात, पण शाळेत तेलुगू शिकावी लागते. खिडकीतून कापसाचं शेत दिसतं. फळ्यावर तेलुगू अक्षरं आहेत आणि ती तुम्हाला वाचता येत नाहीत. बाकी सगळ्यांना येतात. आता तुम्ही अर्पिता आहात.

अर्पिताचे बाबा, हर्षदीप, फौजेत हवालदार. सहावीपर्यंत तिच्या चार शाळा झाल्या होत्या, सगळ्या छावणीतल्या. या वेळी बाबांची बदली बर्फातल्या एका चौकीवर झाली. तिथे घरच्यांना नेता येत नाही. म्हणून आई, प्रगती, तिला घेऊन मावल्याला आली. अर्पिताला हिंदी येत होती, घरची मराठी येत होती. तेलुगूचा मात्र गंधही नव्हता.

वर्गाचे राजकुमार सर तेलुगू शिकवत. बाराव्या दिवशी ते यादी घेऊन तिच्या बाकापाशी आले. एका कागदावर वडिलांची सही हवी होती.

"नान्ना उन्नारा?" त्यांनी विचारलं. म्हणजे, वडील आहेत का?

प्रश्न कळला याचाच अर्पिताला आनंद झाला. 'नाहीत' म्हणजे 'लेरु', हे तिने कालच पाठ केलं होतं. ती उभी राहून मोठ्याने म्हणाली, "नान्ना लेरु."

सगळ्या वर्गाने वळून तिच्याकडे पाहिलं. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, यादीत काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले.

त्या दिवसापासून सगळे फार चांगले वागू लागले. तिच्या हिंदीमिश्रित मराठीची नक्कल करणाऱ्या चिरागने नक्कल बंद केली. अपूर्वाने खिडकीजवळची स्वतःची जागा तिला दिली. शाळेच्या जेवणात अंडं असेल त्या दिवशी, तिथे स्वयंपाक करणारी सखूबाई तिच्या ताटात दुसरं अंडं ठेवू लागली. "खाय माय," एवढंच म्हणायची. अर्पिताला वाटलं, ही शाळा अशीच असेल.

पंधरा दिवसांनी वह्या मिळणाऱ्या मुलांची यादी दाराला चिकटवली गेली. अर्पिता आता अक्षरं जुळवून वाचायची. तिला स्वतःचं नाव सापडलं, पुढे बाबांचं सापडलं. पण बाबांच्या नावाआधी दोन अक्षरं जास्तीची होती. की. शे.

"हे काय हाय?" तिने अपूर्वाला विचारलं.

अपूर्वा खाली पाहत राहिली. "मेलेल्या माणसाच्या नावाआधी लिवतात. मराठीत कै. लिवतात ना, तसं." आणि घंटा झाली म्हणून ती पळाली.

त्या सकाळी ती शाळेत निघाली, तोवर नऊ दिवस घरी बाबांचा फोन नव्हता. छावणीत असताना अर्पिताने एकदा पाहिलं होतं, बातमी आधी ऑफिसात येते, मग घरी माणसं येतात. म्हणजे शाळेला कळलं आहे आणि आईला अजून नाही, असं तिने ठरवून टाकलं.

घरी आई भाकरी थापत गुणगुणत होती. "आज गप्प काऊन?"

"डोकं दुखून राह्यलं."

आईला ही बातमी आपल्या तोंडून कळू द्यायची नाही, म्हणून ती न जेवता भिंतीकडे तोंड करून पडली. आईने पांघरूण घातलं तेव्हा तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही अंडी ताटातून उचलून परत दिली. सरांनी ते पाहिलं आणि तिला व्हरांड्यात बोलावलं. सर मराठी बोलत, पण अडखळत.

"काय झालं?"

"सर, फौजेतून तुमाले कोनं फोन केला? आईले अजून माईत नाई. तिले सांगू नका."

"कोणता फोन?"

अर्पिताने दाराकडे बोट दाखवलं. सरांनी यादी पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं.

"तूच बोलली ना, नान्ना लेरु?"

"घरी नाईत म्हून बोलली."

सर पायरीवर बसले. "घरी नाहीत म्हणजे 'इंट्लो लेरु'. नुसतं 'नान्ना लेरु' म्हटलं, तर लोक समजतात की..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. "तुझी चूक नाही. मी परत विचारायला पाहिजे होतं."

त्यांनी लगेच तिच्या आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. आईचा आवाज व्हरांड्यात ऐकू आला. "अवो सर, कालच साडेअकराले फोन आल्ता त्यायचा! पोरीले सांगाव म्हटलं, तं ते झोपून गेली. तिकडं रेंज त्याच टायमाले भेटते, अन् त्या टायमाले पोरगी शाळेत राह्यते."

सरांनी अर्पितासमोर ती दोन अक्षरं खोडली. मग वर्गात जाऊन आधी तेलुगूत, मग मराठीत, चूक कोणाची ते सांगितलं. मुख्याध्यापिका विनोदिनीबाईंना विचारून त्यांनी एक गोष्ट ठरवली. अर्पिताच्या बाबांनी साडेअकराला शाळेच्या फोनवर फोन करायचा. तास चालू असला तरी तिला बोलू द्यायचं.

"सर," चिरागने हात वर केला, "म्हंजे आता हिची नक्कल केली तं चालते ना?"

"करून तर पाय!" अर्पिता म्हणाली. सगळे हसले.

सखूबाईला मात्र काही पटलं नाही. "फौजेतल्या लोकायचं असंच राह्यते," ती भांडी घासता घासता म्हणाली. "बाप हाय म्हून पोरीले समजावून राह्यले, दुसरं काय." तिचं दुसरं अंडं चालूच राहिलं.

गुरुवारी साडेअकराला फोन आला. विनोदिनीबाईंनी तो वर्गात आणून अर्पिताच्या हातात दिला. "जा, बाहेर उभी राहून बोल."

"हॅलो? अर्पू?" पलीकडून आवाज आला. खरखरत होता, पण बाबांचाच होता.

"थांबा बाबा," अर्पिता म्हणाली आणि धावत सुटली, ती थेट स्वयंपाकाच्या खोलीत. सखूबाईचे दोन्ही हात तांदूळ धुण्यात होते. अर्पिताने फोन तिच्या कानाला लावला आणि ओरडून म्हणाली,

"बाबा, या सखूबाईले सांगा, तुमी हाओ म्हून!"