साडेचार माणसं

'या इमारतीने माणसाला पहिल्यांदा माणूस म्हणून मोजलं.' संग्रहालयाच्या दारातल्या फलकावरचं हे वाक्य मॅक लाय-क्वानने मोठ्याने वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "मला अर्धं मोजलं होतं."

संग्रहालयाची तरुण अधिकारी, यिप, हसली. "आजी, तुम्ही पण ना!"

पण ते खरंच होतं. डोंगरावरची झोपडपट्टी जळाली आणि सरकारने काउलूनमध्ये या इमारती उठवल्या. एका खोलीत पाच माणसं, आणि लहान मूल म्हणजे अर्धा माणूस. पाच भरले नाहीत तर सरकार परकं कुणीतरी आणून भरती करी. रांगेतल्या पुढच्या विधवेच्या गळ्यात असाच एक न्हावी पडलेला बाबांनी पाहिला. त्यांच्याकडे आई, बाबा, आजी, काका आणि सात वर्षांची लाय-क्वान मिळून साडेचार माणसं होती.

"मुलं किती?" कारकुनाने विचारलं.

"दोन," बाबा म्हणाले.

दुसरा, लाय-क्वानचा दादा काम-शिंग, दहा वर्षांचा. आगीत जाऊन त्याला बारा दिवस झाले होते. ते कुठे नोंदवायला कुणाला सवड झाली नव्हती. दोन अर्ध्यांचा एक झाला आणि खोली मिळाली.

मग मोजणीवाले येऊ लागले. येत ते ऐन जेवणाच्या वेळी, माणसं हमखास सापडतात म्हणून. आई सहावा वाडगा मांडून ठेवायची, भात घालून.

"मुलगा कुठाय?"

उत्तर लाय-क्वानने द्यायचं असं ठरलेलं होतं. मोठ्यांना ते जमत नसे.

"दादा संडासला गेलाय."

"मागच्या वेळीपण तिथेच होता की गं!"

"रांग मोठीय."

अख्ख्या मजल्याला मिळून संडास मधल्या बोळात, आणि ती रांग मोजणीवाल्याने येताना स्वतः पाहिलेली असे. तो खूण करून निघून जाई. आई सहाव्या वाडग्यातला भात परत पातेल्यात टाकी. भिंतींना वर नुसती जाळी होती, रडलं असतं तर शेजारच्यांनी कारण विचारलं असतं. पितरांच्या सणाला बाकीचे डोंगरावर थडगी झाडायला जात, तेव्हा हे घरी बसत. सरकारदरबारी जिवंत असलेल्या माणसाला उदबत्ती लावता येत नाही. देव्हाऱ्यातल्या पितरांच्या पाटीवर त्याचं नाव चढलं नाही. पुढे सवय झाली.

लाय-क्वानने एकतीस वर्षं कारखान्यात हातमोज्यांचे अंगठे शिवले. फक्त अंगठे; बोटं दुसरीकडे होत. घरातली मोठी माणसं एकेक करून गेली, आणि त्यांची नावं रीतसर पाटीवर चढली.

आता यिपने तिला तिसऱ्या मजल्यावर नेलं. त्यांची खोली होती तशी मांडली होती: खाट, रॉकेलचा स्टोव्ह, सहा वाडगे. दारावर पितळी पट्टीत रहिवाशांची सहा नावं कोरलेली.

"नावं बरोबर आहेत ना, आजी? इथे सही लागेल. चुकीचं काही असेल तर आत्ताच सांगा, पट्टी नवी करून घेते." यिपचं बोट पाचव्या नावावर थांबलं. "हे तुमचे दादा. यांचे नंतरचे कागद कुठेच मिळाले नाहीत. कुठे असतात?"

लाय-क्वानने ते नाव अंगठ्याने चाचपलं. अक्षरं चांगली खोल होती.

"संडासला गेलाय," ती म्हणाली.

यिपने बोळाकडे मान वळवली. "अगंबाई, सोबत आलेत? मग थांबूया ना!"

"नको. त्याला वेळ लागतो."

तिने सही केली.

उद्घाटनाला पहिल्या रांगेत मॅक भावंडांसाठी नावं लावून दोन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. त्या दिवशी पाऊस होता. एकीवर लाय-क्वान बसली, दुसरीवर लोकांनी छत्र्या ठेवल्या.