तिसरा मोह

लढाई सुरू झाली आणि पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा धुळ्याला जाणाऱ्या प्रवासी मोटारीच्या पाठीला लोखंडी टाकी बसली. टाकीत कोळसा धुमसायचा, त्याचा वायू नळीने इंजिनात जायचा आणि मोटार खोकत का होईना, चालायची. तो कोळसा सातपुड्याच्या पायथ्याचा ठाकऱ्या पाडत असे. दोन वर्षांत टेकडीवरची अंजनाची झाडं संपली. उरले ते त्याच्या बांधावरचे तीन मोह.

कोळशाच्या ठेकेदाराचा मुकादम तोताराम ते तोडायचा रोज तगादा लावी, "आबा, मोह कवय तोडस?"

"त्यांच्या फुलांवर आम्ही दोन महिने जेवतो," ठाकऱ्या म्हणे.

पण नातीच्या, रुपलीच्या, डोळ्याला काडी लागून जखम झाली होती. डोळा दर आठवड्याला धुळ्याच्या दवाखान्यात धुवायचा, नाहीतर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि कोळशावाचून मोटार उभी होती.

ठाकऱ्याने कपाशीच्या पऱ्हाट्या जाळून पाहिल्या. तो हलका कोळसा टाकीत भुगा झाला. त्याला आणि रुपलीला घेऊन निघालेली मोटार पहिल्याच चढावर थांबली.

"आबा, हा कोळसा का चुलीतली राख?" ड्रायव्हर लोटन काजळल्या तोंडाने हसला आणि सगळ्या उतारूंना ओरडला, "उतरा बठ्ठा, ढकला!"

ढकलूनही चढ सरेना. पट्टी बांधलेल्या रुपलीला पाठीवर घेऊन म्हातारा घरी परतला आणि कुऱ्हाडीला धार लावू लागला.

त्याची बायको गुंताबाई खराटा घेऊन बांधावर गेली. फुलं पडायच्या आधी दरवर्षी झाडते, तशी तिने मोठ्या मोहाखालची जागा झाडून काढली. मग बाजूला झाली.

त्या एका झाडाच्या कोळशावर मोटार महिनाभर चालली. रुपलीची पट्टी सुटली. घरी येताच तिने बांधाकडे पाहिलं, उरलेले मोह बोटांवर मोजले आणि आजोबांचा हात घट्ट धरला.

बांधावर तोताराम दोर घेऊन उभाच होता.

"आता नाही," ठाकऱ्या म्हणाला. "पोरीचा डोळा बरा झाला."

"तुन्ही पोरना झाया, आबा. मोटारमां आखो कोनी पोर व्हई ना?"

ठाकऱ्याने ते शब्द मनात घोळवले: आणखी कुणाचं तरी पोर. आदल्याच फेरीला शेजारी बसलेली, तापाने फणफणलेलं मूल पदराखाली धरलेली बाई त्याला आठवली. तो तोडलेल्या मोहाच्या बुंध्यावर बसला. गुंताबाई खराटा घेऊन दुसऱ्या मोहाखाली गेली होती. ती फुलांसाठी झाडत होती की कुऱ्हाडीसाठी, हे विचारायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.