बेसिनची जागा

दवाखान्याच्या सभेत मोठे डॉक्टर बोलत होते आणि ड्रेसिंगची सिस्टर मान खाली घालून ऐकत होती. एका आजोबांच्या पायाची जखम पुन्हा चिघळली होती आणि खापर तिच्या डोक्यावर फुटलं होतं.

"हात धुवायलासुद्धा सांगावं लागतं? एवढं पोस्टर लावलंय, दिसत नाही?" डॉक्टर म्हणाले. "उद्यापासून ड्रेसिंग दुसऱ्या कोणाकडे. कोणाला काही बोलायचंय?"

कोण बोलणार? मागे एकदा फार्मासिस्ट बोलला, तर त्याची खुर्ची थेट गोदामात गेली. बुवा कितीही रंगात आले, तरी मागच्यांनी साथ सोडली की कीर्तन बसतं. इथे तर मागच्यांच्या हातातले टाळच काढून घेतले होते, आणि वर विचारणा, की आवाज का येत नाही.

सिस्टर आतून खदखदत होती. पूर्वी ड्रेसिंगच्या खोलीतच, हाताशी बेसिन होतं. पाहुण्यांना भिंत छान दिसावी म्हणून डॉक्टरांनीच ते काढून मागच्या बोळात नेलं. त्याच भिंतीवर आता पोस्टर होतं: हात धुवा.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "काम काढून घ्या, पण जिला द्याल तिचंही हेच होईल. समोर रांग आणि नळ बोळाच्या टोकाला. मी धावते. आजोबांच्या वेळी धावले नाही, तेही खरं."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"विचारलंत कधी? भिंतीला विचारून बेसिन हलवलंत."

आयाबाई तोंडावर हात ठेवून हसल्या.

"साहेब, मी तेव्हा हेच म्हणालो होतो," फार्मासिस्ट हळूच म्हणाला.

"आणि बोळातला दिवाही गेलाय," आयाबाईंनी जोडून दिलं. "परवा मीच आपटले असते."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "ड्रेसिंग यांच्याकडेच राहील," एवढंच म्हणाले.

सकाळी प्लंबर आला. "साहेब, बेसिन कुठे बसवू?"

"मला नको विचारूस. सिस्टरना विचार."

तिने पोस्टरवर बोट ठेवलं. प्लंबर बिचकला.

"काढा दादा, खुशाल."

बाकावर आजोबा पाय लांब करून बसले होते.

"आजोबा, नळ लागेपर्यंत थांबाल?"

"थांबतो की पोरी. या पायाने पळून कुठे जाणार?"

ती हसली, पण राग उतरला नव्हता. फार्मासिस्टची खुर्ची अजून गोदामातच होती. पुढच्या सभेत ती तेही बोलणार होती.