प्लगइनचं सुतक

आमच्या ऑफिसात, रिपोर्टात जे नाही ते जगात नाही. लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात, काचेच्या इमारतीत आमची कंपनी आहे. वयस्कर माणसांना गोळ्यांची आठवण करून देणारं अ‍ॅप आम्ही बनवतो. मी टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधते, आणि म्हणून मी कोणाची लाडकी नाही. रोज सकाळी चुकांचं एक पान आपोआप तयार होतं. लाल म्हणजे दोष, हिरवं म्हणजे ठीक. ते पान बनवतं 'निकाल' नावाचं प्लगइन, म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरला बाहेरून जोडलेला एक छोटा तुकडा. ओपन सोर्स, एकदम फुकट. ते कोणी लिहिलं, का लिहिलं, हे सहा वर्षांत कोणी विचारलं नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते आम्ही.

त्या सोमवारी पान उघडलं तर ना लाल, ना हिरवं. मधोमध काळ्या चौकटीत एवढंच होतं: 'सुतक आहे. तेराव्यापर्यंत रिपोर्ट मिळणार नाहीत. क्षमस्व.'

"ताई, मी काही नाही केलं हं," शेजारच्या खुर्चीवरचा विनीत आधीच म्हणाला. विनीत आमचा प्रोग्रामर. त्याने सांगितलं की प्लगइनची नवी प्रत रोज आपोआप आपल्याकडे येते, आणि ज्याचं हे प्लगइन आहे त्याने काल रात्री ही प्रत टाकली. जुनी प्रत परत कशी लावायची, असं मी विचारलं. ते ज्याला यायचं तो माणूस कॅनडाला गेला होता.

एरवी मी हसले असते. पण दोनच दिवसांपूर्वी, शनिवारी, माझे वडील, आमचे आप्पा, चिंचपोकळीला चाळीच्या गॅलरीत चक्कर येऊन खाली बसले होते. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना अ‍ॅप आधीच वापरायला दिलं होतं. आप्पांनी सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली, 'घेतली' हे बटण दाबलं, आणि पाच मिनिटांनी फोन पुन्हा म्हणाला, 'गोळी घ्या.' आप्पांनी घेतली. आयुष्यभर विमा कंपनीत कारकुनी केलेला माणूस, वरून आलेला आदेश मोडणं त्यांच्या रक्तात नाही. मी अ‍ॅप काढून टाकते म्हटलं तर जेवेनात. "तुझ्याच कंपनीचं आहे ना? मग तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं," म्हणाले. तेव्हापासून गोळ्यांची पट्टी माझ्या पर्समध्ये आणि रोज सकाळी आमचं भांडण. आणि हेच अ‍ॅप शुक्रवारी गावभरच्या म्हाताऱ्यांच्या फोनवर जाणार होतं.

मी तडक मॅनेजरकडे गेले. हेरंब माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे, पण खुर्ची त्याची मोठी आहे.

"हेरंब, शुक्रवारचं रिलीज थांबव. अ‍ॅप गोळी दोनदा घ्यायला सांगतंय."

"रिपोर्टात लाल आहे का?"

"अरे, रिपोर्टच नाहीये. सुतक आहे."

"म्हणजे लाल नाहीये."

"हिरवंही नाहीये!"

"अगं, पण लाल नाहीये ना?"

मी माझा फोन त्याच्या टेबलावर ठेवला. फोन वाजला, मी 'घेतली' दाबलं, आणि पाच मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. हेरंबने तो नीट पाहिला, अगदी सहानुभूतीने पाहिला. "हे तुझ्या फोनवर झालं," तो म्हणाला. "ऑफिशियली नाही झालं."

माझं डोकं असं सणकलं की तिथेच त्याच्या कॉफीत ती गोळी टाकावीशी वाटली.

प्लगइनच्या इंटरनेटवरच्या पानावर कर्त्याचं नाव होतं, शंतनु, आणि पत्ता भोईवाडा. सहा वर्षं आम्ही ज्याच्यावर जगत होतो तो माणूस चालत जाण्याच्या अंतरावर राहत होता. संध्याकाळी विनीतला ओढत घेऊन गेले. चाळीत दुसऱ्या मजल्यावर चाळिशीचा एक गृहस्थ नुकताच बँकेतून येऊन, शर्ट काढून पंख्याखाली बसला होता. हाच शंतनु. चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नव्हता.

"फार वाईट झालं हो," मी म्हटलं. "कोण गेलं?"

"भावकीतले एक काका. राजापूरला." मग प्रामाणिकपणे म्हणाला, "मी त्यांना पाहिलेलं नाही. पण सुतक काय ओळखीवर लागतं का?"

"पण तुम्ही बँकेत गेला होतात की आज."

"ती नोकरी. पोटासाठी आहे, तिला सुतक नाही. प्लगइन ही सेवा आहे, फुकट करतो. देवाची पूजा सुतकात करतो का आपण? तसंच हे. तुम्ही पगार देत असतात तर आज रिपोर्ट मिळाला असता."

मी त्याला आप्पांचं सांगितलं. चक्कर, गॅलरी, सगळं. तो गंभीर झाला, पाणी दिलं, आणि म्हणाला, "माझा हात नाही लागणार. कोड उघडा आहे, तुम्ही बदला ना. आमच्या घरात चूल पेटली नाही तेव्हा शेजाऱ्यांनीच पिठलं-भात आणून दिला."

मी विनीतकडे पाहिलं. विनीत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता. "ताई, ते कोणी उघडून बघितलेलंच नाहीये," तो जिना उतरताना पुटपुटला. एवढे इंजिनियर, आणि शेजारधर्म करायला एक नाही!

चालता चालता राग निवला आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं. आमच्याकडे प्रत्येक रिलीजला नारळ फुटतो. सर्व्हरच्या खोलीसमोर हेरंब स्वतः फोडतो, पेढे वाटतो, आणि शुक्रवारचा मुहूर्त त्याने स्वतः काढला होता. अक्कल नाही, पण श्रद्धा आहे. मग श्रद्धेलाच हात घालायचा.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या केबिनचं दार लावून घेतलं. "हेरंब, मला एक सांग. सहा वर्षं आपण शंतनुच्या घरचं खातोय. रोज सकाळी त्याच्या घरचं आपल्याकडे येतं. त्याला सुतक आणि आपल्याला नाही, असं कसं?"

हेरंबचा चेहरा उतरला. "आपल्याला कसं लागेल?"

"नाही लागत तर आपल्या स्क्रीनवर कसं आलं?"

तो उठला, बसला, परत उठला. शेवटी गिरगावला आईला फोन लावला आणि सगळं नीट समजावून सांगितलं. प्लगइन समजावायलाच बराच वेळ गेला. पलीकडून आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "शंका असेल तर पाळावं रे. पाळल्याने कोणी मरत नाही."

त्या माउलीला कल्पना नव्हती ती किती बरोबर बोलत होती.

रिलीज थांबलं. माणसाला चक्कर आली म्हणून नाही, नारळ फोडता येत नाही म्हणून. तासाभरात सगळ्यांना मेल गेली. कोणीतरी दाढी करावी का विचारलं. अकाउंट्सच्या अभयने वाढदिवसाचा केक परत पाठवला. कॅन्टीनवाल्याने कांदा-लसूण बंद केलं, ते कशासाठी हे त्यालाही सांगता आलं नाही.

नवं काम सुतकात सुरू करायचं नाही, म्हणून प्रोग्रामर रिकामे. विनीत कंटाळून माझ्याजवळ येऊन बसला. "दाखव ना ताई, तुझी ती गोळी." फोन दोनदा वाजला. त्याने मान खाजवली, आमच्या अ‍ॅपचा कोड उघडला, एक ओळ पुसली, एक लिहिली. फोन एकदाच वाजला. मी कॅन्टीनमधून त्याच्यासाठी बिनकांद्याचे पोहे आणून दिले.

तेरावं झालं. सकाळी काळी चौकट गेली आणि पान आलं, वरपासून खालपर्यंत हिरवंगार. हेरंबने नारळ फोडला आणि मग माझ्याकडे वळला. सगळ्यांसमोर.

"बघ. एक तरी लाल आहे? एवढी बोंबाबोंब केलीस, आणि दोष कधी नव्हताच."

विनीत काहीतरी बोलायला गेला. मी त्याचा हात दाबला. दोष होता हे सिद्ध करायला तो परत घालावा लागला असता. वर्षअखेरीच्या माझ्या मूल्यमापनात 'अकारण घबराट पसरवते' असं लिहिलं गेलं आणि मी त्याखाली सही केली. आणि पेन आपटलं.

पण रिलीजनंतर, अ‍ॅपच्या नव्या प्रतीच्या पहिल्याच सकाळी, चहा झाल्यावर आप्पांचा फोन वाजला. मी पर्समधून एक गोळी काढून दिली. त्यांनी घेतली, 'घेतली' दाबलं, आणि पाण्याचा ग्लास हातात धरून तसेच बसून राहिले. मीही बसले. खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"अगं, याने दुसरी सांगितलीच नाही," आप्पा काळजीने म्हणाले. "बिघडलं वाटतं. ऑफिसात कळव."

मला इतकं बरं वाटलं की रडूच फुटलं. आप्पा घाबरले, ग्लास खाली ठेवून माझ्या पाठीवरून हात फिरवू लागले.

"त्यात रडायचं काय, मृणाल? होतं असं कधी कधी. करतील की ते दुरुस्त."