एका बिगुलाच्या दोघी

शनिवारच्या संचलनाला पाच दिवस उरलेले, आणि सोमवारी सकाळी भिंगरीच्या वरच्या ओठावर पाण्याने भरलेले चार टपोरे फोड! शाळेच्या बँडमध्ये बिगूल एकच, वाजवणाऱ्या दोघी: भिंगरी आणि तिची जिवलग मैत्रीण मैना. एकीने फुंकायचा, बाहीला पुसायचा, दुसरीच्या हातात द्यायचा. तीन वर्षं हेच चाललेलं. यंदा मात्र एकटीने वाजवायची सुरावट पहिल्यांदाच भिंगरीच्या वाट्याला आली होती, आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

बँडच्या सरांनी ओठ पाहिला आणि बिगूल काढूनच घेतला. "विषाणूचं दिसतंय. तपासून कागद आण, मग बघू. तोवर मैना वाजवेल."

"कुठे तपासतात गं हे?" भिंगरीने मैनेला विचारलं.

"मला काय माहीत! मी काय दवाखाना उघडलाय?" मग वर्गभर ऐकू जाईल अशी मैना म्हणाली, "आधी हे सांग, पापा कुणाचा घेतलास?"

सगळा वर्ग फिदीफिदी. भिंगरीही हसली. मैनाच ती, तिच्यावर काय रागवायचं?

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात म्हणाले, आम्ही फक्त रक्त तपासतो. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली, आणि तिथे पुढच्या आठवड्याची वेळ! शेवटी गुरुवारी आत्या धावून आली. आत्या बस चालवते, आणि तिच्या पोटात काही राहत नाही.

"अर्ध्या बसला विचारलं, तुझ्या ओठाचं!"

"आत्या! आता मी तोंड कुठे लपवू?"

"लपवतेस कशाला, सापडली की जागा! तुमच्या शाळेमागेच आहे, चष्म्याच्या दुकानावर."

प्रयोगशाळेतल्या बाईंनी वही पुढे सरकवली. नाव, वय, तपासणी. भिंगरीने नाव लिहिलं आणि सहज नजर वर गेली. त्याच पानावर, बारा दिवसांपूर्वीच्या तारखेला, 'ओठावरचे फोड'. शेजारी मैनेची सही, शेवटी चिमुकला मासा काढलेला. असा मासा अख्ख्या शाळेत एकच मुलगी काढते.

बारा दिवसांपूर्वी मैनेचा ओठ "चहाने भाजला" होता. त्यावर तिने गडद लाली लावली होती. आणि त्या संध्याकाळी दोघींनी तासभर बिगूल वाजवला होता.

"अगं, हे तर वाळले," बाई भिंग खाली ठेवत म्हणाल्या. "ताज्या फोडातलं पाणी लागतं. सोमवारीच आली असतीस तर!"

भिंगरी तडक मैदानावर गेली. मैना एकटीच सराव करत होती.

"वहीतला मासा पाहिला मी."

मैनेचा चेहरा उतरला. "मला वाटलं, सगळे हसतील गं."

"म्हणून मला हसवलंस सगळ्यांकडून? पत्ता तरी सांगायचास! सोमवारी शाळा सुटल्यावर पाच मिनिटांत पोचले असते मी."

सवयीने मैनेने बिगूल बाहीला पुसला आणि पुढे धरला. भिंगरीचा हातही सवयीने उठला, आणि अर्ध्यावरच थांबला.

"तूच वाजव शनिवारी," ती म्हणाली. तिने नजर हलवली नाही. "फक्त आधी सरांना तुझ्या तपासणीचा कागद दाखव. मी इथेच उभी आहे."